गाळणी आणि गाऱ्हाणं

मुलांनो, चहाची गाळणी डोळ्यांसमोर आणा. चोथा वर राहतो, चहा खाली उतरतो. आता अशी कल्पना करा, की बोलण्याचीही एक गाळणी आहे. कुणी काही बोललं, की ते तिच्यातून जातं. डोळ्यांत पाणी आणणारे, मुठी आवळायला लावणारे, देवाधर्माच्या शपथा घालणारे शब्द वर अडकतात आणि ज्याची जाऊन खात्री करता येते तेवढंच खाली उतरतं. ‘विहिरीत पाणी नाही’ हे उतरेल, कारण पोहरा सोडून बघता येतं. ‘विहीर रडते आहे’ हे उतरणार नाही. तिथे पोहरा सोडून काय हाती लागणार?

केलीत कल्पना? मग ती गाळणी आता पाटखोलला नेऊ या.

पाटखोल हे सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं गाव, आणि काळ तुम्ही तुमच्या आईबाबांच्या वयाचे व्हाल तेव्हाचा. तोवर समुद्र बराच वर चढला होता. दूर पूर्वेला, सीमेपलीकडे, नद्यांच्या मुखाशी असलेली कितीतरी बेटं पाण्याखाली गेली होती आणि तिथली माणसं वाट फुटेल तिकडे निघाली होती. त्यांतलंच एक कुटुंब कुठलेही कागद नसताना सीमा ओलांडून, गावोगाव ठेचा खात पाटखोलला येऊन टेकलं. इद्रिस, त्याची बायको सालेहा आणि मुलगी मोयना. इद्रिसला चिखलातल्या खेकड्यांची नस ठाऊक होती. खाडीतल्या खेकड्यांच्या तळ्यांवर त्याला काम मिळालं. मोयना गावच्या शाळेत चौथीत बसली आणि वर्षाच्या आत मालवणीत भांडायलाही लागली.

कायद्याने ही तिघं बेकायदा होती. त्यात वाद नव्हता. वाद होता तो पुढचा. त्यांनी राहावं की त्यांना परत धाडण्यासाठीच्या सरकारी छावणीत पाठवावं? अशी कुटुंबं गावोगाव होती आणि गावोगाव दगडफेक होऊ लागली, तेव्हा नवा कायदा आला. प्रत्येक कुटुंबाबद्दल त्या त्या ग्रामसभेने शिफारस करावी आणि सरकारने ती मानावी.

पाटखोलची सरपंच होती रेवती घाडी. पूर्वी ती शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गात कुणी फाटे फोडायला लागलं की ती टेबलावर बोटाने टकटक करून म्हणायची, “मुद्द्याचं बोला रे.” सरपंच झाल्यावर तिची टकटक वाढली, पण ऐकणारं कुणी उरलं नाही. इद्रिसच्या प्रश्नावर ग्रामसभा भरली की एकीकडून देवाच्या नावाच्या घोषणा उठायच्या, दुसरीकडून हुंदके. शेवटी कुणीतरी कुणाची गचांडी धरायचं आणि सभा मोडायची. रेवती घरी येऊन चपला भिरकावायची. तिनेच जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घालून गावासाठी सभा-गाळणी मिळवली.

गाळणी म्हणजे दिसायला फारसं काही नव्हतं. एक माईक, पावाच्या लादीएवढी पेटी आणि भिंतीवर टांगलेला प्रकाशाचा फळा. आत मात्र मोठं काम चाले. यंत्राला वाक्याचा अर्थ आपल्यासारखा कळत नाही. ते प्रत्येक वाक्याचे आकडे करतं आणि त्या आकड्यांवरून वाक्याला एका अफाट नकाशावर जागा देतं. सारख्या अर्थाची वाक्यं या नकाशावर शेजारीशेजारी पडतात. कोर्टातल्या साक्षी, विधिमंडळातली भाषणं, कीर्तनं, निवडणुकीच्या सभा असं लक्षावधी तास ऐकवून यंत्राला शिकवलेलं होतं, की पडताळता येणारी वाक्यं नकाशाच्या कुठल्या मुलखात राहतात आणि नुसती ढवळणारी कुठल्या. शिवाय आवाज कुठे कापला, कुठे चढला, हेही ते ऐके. पडताळता येण्यासारखं काही सापडलं की सरकारी नोंदींशी ताडून फळ्यावर लिही.

त्याचं दुसरंही एक काम होतं. गावातल्या प्रत्येक मतदाराचा आवाज त्याच्याकडे नोंदलेला होता. कुठल्या मागणीला कोण ‘हो’ म्हणालं, कोण ‘नाही’, हे ते आवाजावरून ओळखे. हात वर करायला नकोत आणि मोजणीवरून मारामाऱ्याही नकोत.

पहिली सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. माईक आधी अथर्व पाटकरने घेतला. अथर्वच्या पर्यटकांच्या होड्या होत्या आणि पुढच्या खेपेला त्याला सरपंच व्हायचं होतं.

“ही रवळनाथाची भूमी आहे!” तो गरजला. “या मातीत आपल्या पूर्वजांची हाडं आहेत. आज आपण गप्प बसलो तर उद्या आपल्या आयाबहिणी आपल्याला विचारतील, तेव्हा तुमचं रक्त कुठे गेलं होतं?”

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा.

“काय गो रेवतीताय, बिघडली काय तुझी गाळणी?” अथर्वने विचारलं.

“बिघडली नाय,” रेवती म्हणाली. “तुझ्या बोलण्यात हातीक लागण्यासारखा तिका काय गावला नाय.”

हॉल खदखदून हसला. मग शहरातून खास आलेल्या गिरिजा दामले उभ्या राहिल्या. अशा कुटुंबांसाठी त्या गावोगाव फिरून बोलत. त्यांनी मोयनाला जवळ ओढून घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला.

“या चिमुरडीच्या डोळ्यांत बघा. अतिथीला देव मानणारे ना आपण? देवकीच्या बाळाला यमुनेपलीकडे कुणी कागद विचारले होते का?”

बायकांनी नाकं ओढली. फळा कोरा. मोयनाने आपला हात हळूच सोडवून घेतला.

“मॅडम, तुमचो पण चोथोच झालो मा!” मागून कुणीतरी ओरडलं.

आणि मग तिसऱ्या रांगेतून हरी तोडणकर उठला. हरी कधी सभेत बोलत नसे. माईक त्याने खेकडा धरावा तसा लांबून धरला.

“माझो झिल केतन शिकान घराक बसलो असा. तळ्यावरचा काम तेका देतंव म्हणान सांगलेला. इद्रिस कमी पगारात करूक तयार झालो, म्हणान तेका दिला. इतक्याच माका सांगूचा होता.”

फळा उजळला. हरीच्या मुलाला कबूल केलेलं काम इद्रिसला गेलं, हे त्यावर स्वच्छ अक्षरांत उमटलं. मग शाळेच्या बाई उठल्या. मोयना गेली तर पट कमी पडेल आणि शाळा शेजारच्या गावाला जोडली जाईल, असं त्यांनी सांगितलं. तेही उमटलं. कुणी वैशाखात आटणाऱ्या विहिरीचं बोललं. कुणी म्हणालं, इद्रिसने तळ्याचा बांध बदलल्यापासून खेकडे मरायचे थांबलेत. पाटखोलमध्ये पहिल्यांदाच माणसं एकमेकांचं ऐकून घेत होती. रेवतीला वाटलं, बोटाची टकटक आता कायमची थांबली.

तिचा हा आनंद पुढच्या सभेपर्यंतच टिकला.

मुलांनो, कुंपण कितीही उंच घाला, बकरीला दोन दिवसांत फट सापडते. अथर्व पुढच्या सभेला आला तो तयारी करून. आता तो ओरडला नाही. शांतपणे, बातम्या वाचाव्यात तसा म्हणाला, “इद्रिस गेल्या पावसाळ्याआधी गावात आला. गेल्या पावसाळ्यानंतर गावात चोऱ्या झाल्या.”

यंत्राने नोंदी ताडल्या. इद्रिस आला होता हे खरं. चोऱ्या झाल्या हेही खरं. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक उमटली, आणि वाचणाऱ्याने मधलं न बोललेलं तिसरं वाक्य आपलं आपण जोडून घेतलं.

“अरे, चोर तर कणकवलीचे निघाले! पकडलेसुद्धा!” रेवती म्हणाली.

“मी कुठे म्हटलं इद्रिसने चोरी केली?” अथर्वने खांदे उडवले. “मी फक्त खरं सांगितलं.”

लगेच गिरिजाबाईंनी माईक घेतला. “इद्रिस आल्यापासून पाटखोलच्या खाडीत एकही माणूस बुडालेला नाही.”

तेही खरंच होतं. तेही उमटलं.

“त्याआधी तरी कोण बुडाला होता?” रेवती ओरडली. टेबलावर तिचं बोट टकटक करत होतं. “दोघेही मुद्द्याचं बोला ना!” पण तिचं हे वाक्य गाळणीने अडवलं. त्यात पडताळण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून गावाला चटकच लागली. चहाच्या टपरीवर माणसं खऱ्या वाक्यांच्या खोट्या जोड्या लावायला शिकली. हरीच्या केतनचं काय करायचं, हे मात्र कुणीच बोलेना. ते फार साधं होतं, आणि त्यात कुणाचा विजय होणार नव्हता.

रेवतीने ठरवलं, ज्यात शिफारस ठरायची त्या शेवटच्या सभेत गाळणी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चालू ठेवायची. आधीची कुजबुज नाही, नंतरची कुजबुज नाही. जे काही बोललं जाईल ते गाळणीतूनच जाईल.

सभेच्या आदल्या सकाळी ती अंगणात आली तेव्हा तिचे वडील, पुंडलिक घाडी, सुपाऱ्या सोलत बसले होते. गाव त्यांना आबा म्हणे. घाड्यांच्या घराकडे गावच्या गाऱ्हाण्याचा मान होता. लग्न असो, नवी होडी असो की कोर्टातली तारीख, आबा गावदेवाला हाक मारून त्या माणसाचं मागणं सांगत. प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेले सगळे एका सुरात म्हणत, ‘व्हय म्हाराजा!’ ग्रामसभेची सुरुवातही पिढ्यान्‌पिढ्या अशीच होत असे; गाळणी आजवर त्यानंतरच सुरू केली जाई.

आज मोयना त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती. आबा खोट्या गंभीरपणे म्हणत होते, “ह्या चेडवाच्या गणितातलो भागाकार सुटू दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मोयना एवढ्या जोरात ओरडली की पायरीवरचा कावळा उडाला.

“गावात इतक्या मोठ्यान कोण म्हणना नाय,” आबा कौतुकाने म्हणाले. मग रेवतीकडे न बघता पुढे म्हणाले, “तुझी गाळणी माझ्या गाऱ्हाण्याक चोथो म्हणतली काय गो?”

“आबा, तसं नाही.”

“तसाच. देवाचा नाव इला काय तुका कपाळाक आठी येता.”

“देवाचं नाही हो. देवाच्या आडून बोलणाऱ्यांचं. तुम्ही गाऱ्हाणं घाला की. तुम्हाला कोण अडवतंय?”

“अडवून तर बघ,” आबा म्हणाले आणि सुपारी जरा जास्तच जोराने सोलली. गाळणी आल्यापासून घरात रोज हेच चालू होतं. पूर्वी बापलेक जेवताना तासभर बोलत. आता आमटी वाढ, मीठ दे, एवढंच.

मोयनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग रेवतीजवळ येऊन विचारलं, “मावशी, उद्या काय होतला?”

“उद्या सगळे बोलतील आणि यंत्र फक्त खरं काय ते लिहील.”

“आनि खरा लिवला काय आमका रवाक गावतला?”

राहायला मिळणं नुसत्या खऱ्यावर ठरणार नव्हतं, हे रेवतीलाही दिसत होतं. पण तिचा गाळणीवर अजूनही विश्वास होता. “हो,” ती म्हणाली. “मी आहे ना.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल गच्च भरला. इद्रिस आणि सालेहा भिंतीला टेकून उभे होते. बसायला जागा असूनही ते बसले नाहीत. मोयना आपल्या वर्गातल्या मुलींमध्ये पुढे बसली होती. जिल्ह्याच्या कार्यालयातला एक अधिकारी छोट्या पडद्यावरून सभा बघत होता. रेवतीने बटण दाबलं. फळ्यावर ‘सभा सुरू’ अशी अक्षरं आली.

आबा उठले, देवळाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. माईकपाशी स्टुलावर नारळ ठेवलेला होता. नारळ ठेवणाऱ्याचं मागणं देवाला सांगायचं, ही घाड्याची रीत. ते पटो, न पटो. मागणं बदलायचं नाही आणि नारळही नाकारायचा नाही. आज नारळ अथर्वने ठेवला होता. रेवतीचं तिकडे लक्षही गेलं नाही. गाऱ्हाणं सुरू झालं की ती लहानपणापासून डोळे मिटून घेई. आपण बोलण्याआधी खाकरतो, ते बोलण्यात धरतो का? तिच्या लेखी गाऱ्हाणं तसंच होतं.

“बा देवा म्हाराजा! गावच्या राखणदारा, रवळनाथा, सातेरी माये!”

“व्हय म्हाराजा!” सगळा हॉल म्हणाला.

“आज तुझी लेकरां हयसर एकवट झाली असत. तेंच्या कामात खंयसून अडचण येत असात ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आबांचा आवाज किंचित अडखळला. मग नेटाने पुढे गेला. “पाटकराच्या अथर्वान नारळ ठेवन सांगणा केला असा. गावात जी कोण बिनकागदाची माणसां रवली असत, तेंका हयसून काढ आनि ज्येच्या त्येच्या जाग्यार सुखरूप पोचय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शंभर घशांतून एकदम निघालेला तो होकार पत्र्यावर आदळला. रेवतीही म्हणाली होती. मिटल्या डोळ्यांनी, जन्मापासूनच्या सवयीने. डोळे उघडले तेव्हा फळ्यावर अक्षरं उमटत होती.

‘मागणी: कागदपत्रं नसलेल्या व्यक्तींना गावातून परत पाठवावं. होकार: उपस्थित सर्व मतदार. नकार: नाही. ठराव एकमताने मंजूर.’

आणि खाली बारीक अक्षरांत: ‘नोंदीत नसलेल्यांपैकी एक आवाज: होकार स्पष्ट, सर्वांत मोठा.’

मुलींच्या रांगेतली मोयना फळ्यावरची मराठी बोट फिरवत वाचत होती. वाचून झाल्यावर तिने बोट खाली घेतलं.

असं कसं झालं, ते सांगतो. गाळणी प्रार्थना अडवते, हे खरं. पण कुठल्याशा मुलखात लोक आपली पाण्याची मागणी देवाच्या नावाने मांडत आणि यंत्र ती सगळीच गाळून टाके. लोकांनी तक्रार केली. ती रास्तच होती. म्हणून यंत्राला नवा धडा दिला गेला. प्रार्थनेत जर करण्याजोगी मागणी असेल, तर देव तेवढा वगळ आणि मागणी ठेव. धडा देणाऱ्या शहाण्या माणसांनी शंभर भाषांतल्या प्रार्थना ऐकल्या होत्या. पाटखोलचं गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं.

“अभिनंदन सरपंच,” पडद्यावरचा अधिकारी म्हणाला. “एकमत फार क्वचित होतं.”

“साहेब, हे एकमत नाही!” रेवती उठली. “हे गाऱ्हाणं होतं. प्रत्येक वाक्यानंतर असं म्हणायचंच असतं. मीसुद्धा म्हणाले, आणि मला तर ते राहायला हवे आहेत!”

“यंत्र भावनेत वाहून जात नाही, मॅडम. म्हणून तर तुम्ही ते मागून घेतलंत ना?” अधिकारी समजुतीच्या सुरात बोलला. “होकार मागे घेता येतो. सभा संपायच्या आत निम्म्याहून जास्त लोकांनी यंत्रापुढे सांगावं, की माझा होकार खरा नव्हता.”

रेवतीने माईक ओढला. “मी, रेवती पुंडलिक घाडी. माझा होकार खरा नव्हता.” फळ्यावर एक नाव उमटलं. तिने माईक पुढे धरला. “चला. पटापट या. साधं वाक्य आहे.”

कुणी हललं नाही.

“अगो, देवाच्या गाऱ्हाण्यात मी खोटा बोललंय, असा सांगू?” शाळेत भात शिजवणारी बाई पुटपुटली. मोयनाला रोज जास्तीचं वाढणारी तीच होती. “घरात पोरांबाळां असत माझ्या.”

“देव कशाला रागावेल?”

“तो रागवाचो नाय. पण मी कसा म्हणू?”

रेवतीला हसावं की किंचाळावं कळेना. सरपंच झाल्यापासून तिने देवाचं नाव सभेतून बाहेर काढायची धडपड केली होती. यंत्राने देव तेवढा अलगद गाळून टाकला होता आणि मागणी खाली उतरवली होती. आता ती मागणी उचलून टाकायची तर आड देवच येत होता. गिरिजाबाई रडत होत्या. फळा त्यांची दखल घेत नव्हता. अथर्व आपल्या जागी बसून नखं खात होता.

“जिंकलास बाबा,” रेवती त्याला म्हणाली.

“मी नारळ ठेवला,” अथर्व तिच्याकडे न बघता म्हणाला. “सगळेच ठेवतात. मला वाटलं होतं, नंतर मतं होतील.”

ती वडिलांकडे वळली. “आबा, तुम्ही तरी सांगा. तुमच्या तोंडून निघालंय ते.”

आबा खुर्चीत बसले होते. एवढे म्हातारे ते तिला कधी दिसले नव्हते. त्यांनी तिच्या हातातला माईक घेतला.

“मी खोटा बोलूक नाय, आनि गावय बोलूक नाय. ‘व्हय म्हाराजा’ म्हणजे माका पटला, असा न्हय. ज्याचो नारळ तेचा दुखणा देवान ऐकूचा, म्हणान बाकीच्यांनी आपलो आवाज तेका उसनो दिवचो. इतक्याच. वैऱ्याकसुद्धा देतंव. गेल्या वर्साक दोग भाव एकमेकांच्या विरोधात नारळ घेवन इले. गाव दोघांकय व्हय म्हणालो. तेच्यापुढचा काय ता देवाचा.”

हॉलमध्ये माना हलल्या. खरंच, असंच तर होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं.

फळा कोरा होता. गेल्या वर्षीच्या गाऱ्हाण्याची सरकारी नोंद कुठेच नव्हती, आणि उसन्या आवाजाला गाळणीच्या नकाशात जागा नव्हती.

“श्रद्धेचा आदर आहे,” अधिकारी म्हणाला, “पण यात पडताळण्यासारखं काही नाही. आणखी कुणाला होकार मागे घ्यायचाय? नसेल तर मी सभा संपवतो.”

“थांबा!” रेवती ओरडली. विनवणी केली तर गाळली जाणार. शपथ घातली तर गाळली जाणार. टेबलावर तिचं बोट टकटक करत राहिलं. आबांनी त्या बोटावर आपला हात ठेवला. किती दिवसांनी!

भिंतीपाशी सालेहाने डोक्यावरची ओढणी नीट केली, जाणाऱ्या माणसाने करावी तशी.

तेव्हा मोयना उठली. मैत्रिणींच्या पायांवरून उड्या टाकत ती पुढे आली आणि आबांच्या मांडीवरचा माईक तिने उचलला. गिरिजाबाई “बोल बाळा, बोल” म्हणत पुढे सरसावल्या. मोयना त्यांच्या बाजूने निघून गेली. देवळाकडे तिने पाहिलं नाही, फळ्याकडे नाही, पडद्यावरच्या साहेबाकडेही नाही. माईकची वायर ओढत ती तिसऱ्या रांगेपाशी गेली आणि हरी तोडणकरच्या समोर उभी राहिली. ज्याच्या मुलाचं काम तिच्या बापाला मिळालं होतं, त्या हरीच्या.

“हरीकाका,” तिने विचारलं, “तुमी माका जा म्हटलात?”

गाऱ्हाण्यात खोटं बोललात का, असं ती विचारत नव्हती. हरीने आधी अथर्वकडे पाहिलं, मग आबांकडे, मग आपल्या केतनकडे.

मोयना पुढच्या माणसाकडे गेली नाही. तिने टाचा उंचावल्या आणि माईक हरीच्या तोंडाशी नेऊन धरला.